रॅम बदलली आणि स्क्रीन काळी पडली: जुनी रॅम हातची सोडू नका

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, रॅम वाढवली आणि लॅपटॉप चालूच होईना. कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी हे होतंच, म्हणून या वेळी प्रिंटर आणि मोबाईलचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि सगळी जागा रॅमलाच दिली आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय पण ते मुद्दाम लांब लिहिलंय, कारण त्यात एका घराचे कष्टाचे पैसे अडकलेत.

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले, कणकुंबीच्या बाजूला घर हाय. पोरगी बेळगावात इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला हाय. तिच्यासाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतलेला, आय फाइव्ह फोर्थ जनरेशन, ४ जीबी रॅम. आता तिचं सॉफ्टवेअर चालंना, सारखा हँग होतंय म्हणून बेळगावात एका दुकानातनं ८ जीबीची रॅम आणली आणि पोरानं व्हिडिओ बघून घरीच घातली, ४ ची काढून तिच्या जागी ८ ची. तेव्हापासनं बटण दाबलं की लाइट लागतंय, फॅन फिरतंय पण स्क्रीन काळीच. दहा-पंधरा सेकंदानं आपोआप बंद होतंय आणि परत आपोआप चालू होतंय. घाबरून जुनी ४ ची परत घातली तरी तेच. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला मदरबोर्ड गेला असणार, लॅपटॉप आणि जुनी रॅम दोन्ही घेऊन या, जुनी एक्सचेंजमध्ये घेतो. परीक्षा तोंडावर आली हाय. दोन्ही रॅमचे फोटो पाठवलेत, काय करायचं सांगा.

उत्तर : काका, पहिली गोष्ट म्हणजे जुनी रॅम कुणालाही देऊ नका. एक्सचेंजमध्ये नको, फुकटात नको, बघून देतो म्हणाले तरी नको. लॅपटॉप बिघडलाय की नवीन रॅम चुकीची आहे हे ठरवायला तुमच्या हातात आत्ता ती एकच वस्तू आहे, ती गेली की मग समोरचा सांगेल ते खरं मानावं लागतं.

दुसरी गोष्ट, मदरबोर्ड गेला हे फोनवरनं कुणालाच कळत नाही, मलाही नाही. पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती मेलेल्या बोर्डाची वाटत नाहीत. लाइट लागतोय, फॅन फिरतोय आणि मशीन स्वतःहून बंद होऊन परत चालू होतंय, म्हणजे आतला बायोस (लॅपटॉप चालू करताना सगळ्यात आधी चालणारं आतलं सॉफ्टवेअर) रॅम शोधतोय, त्याला मनासारखी मिळत नाहीये, म्हणून परत पहिल्यापासनं सुरुवात करतोय. रॅम मिळाल्याशिवाय तो स्क्रीनवर एक अक्षरसुद्धा दाखवू शकत नाही, म्हणून स्क्रीन काळी. बोर्ड खरंच गेला असता तर बहुतेक वेळा हा खेळसुद्धा झाला नसता.

आता तुमचे फोटो. बरं केलंत पाठवलेत ते, कारण उत्तर त्या स्टिकरवरच छापलंय. जुन्या रॅमवर लिहिलंय ४ जीबी आणि त्याच्या पुढं पीसी ३ एल १२८०० एस. नवीनवर लिहिलंय ८ जीबी, पीसी ३ १२८०० एस. दोन्ही स्टिकर शेजारी शेजारी धरून बघा, नवीनमध्ये तीनच्या पुढचा एल नाहीये. एवढ्या एका अक्षरानं सगळं अडलंय. एल म्हणजे कमी व्होल्टेजची रॅम, ती १.३५ व्होल्टवर चालते. बिनएलची साधी डीडीआर ३ (रॅमची तिसरी पिढी, स्टिकरवर तिलाच पीसी ३ लिहितात) असते तिला १.५ व्होल्ट लागतात. तुमचा फोर्थ जनरेशनचा प्रोसेसर हा २०१३ साली आलेल्या पिढीतला, आणि त्या पिढीपासनं डीडीआर ३ वाल्या लॅपटॉपमधे १.३५ चीच रॅम लागते, बोर्ड तेवढंच व्होल्टेज देतो, मग १.५ वाली रॅम नीट उठतच नाही. गंमत अशी की दोन्हीला पिना २०४ च, खाच पण एकाच जागी, त्यामुळं हाताला काही फरक कळत नाही, रॅम आरामात बसते आणि माणूस म्हणतो बसली म्हणजे बरोबर आहे. डीडीआर ४ चं तसं नाही, तिची खाच वेगळ्या जागी आणि पिना २६० असतात, ती डीडीआर ३ च्या स्लॉटात जोर लावला तरी जात नाही. उलटं मात्र चालतं, म्हणजे जुन्या १.५ वाल्या लॅपटॉपात एल वाली घातली तर ती सहसा चालते, कारण ती दोन्ही व्होल्टेज घेते. त्यामुळं दुकानदाराच्या हातनं हे न बघता दिलं गेलं असणार, त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असं मी म्हणणार नाही, पण चूक त्याची आहे आणि रॅम बदलून देणं त्याचं काम आहे.

मग जुनी घातल्यावर का चालू झाला नाही? यात दोन शक्यता जास्त. एक तर ती नीट बसली नाही, दुसरी, बायोस मघाच्या गोंधळातच अडकून राहिलाय. दोन्हीचा उपाय घरात होतो, पोराला असं करायला सांगा.

चार्जर काढायचा. बॅटरी काढायची, या वयाच्या बऱ्याच लॅपटॉपला खाली खटके असतात, ते सरकवले की बॅटरी निघते, आत असेल तर झाकण उघडून तिचं कनेक्टर हळूच मागं ओढायचं. बॅटरी जोडलेली असताना रॅमला हात लावायचाच नाही, हे त्या व्हिडिओत लोक घाईघाईत सोडून देतात आणि खरं नुकसान तिथंच होतं, रॅम नाही तर बोर्ड खरोखर जातो. मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं, आत साठलेली वीज त्यानं निघून जाते. आत एक नाण्याएवढा सेल असतो, काही लॅपटॉपात तो दोन वायरींना लावून प्लास्टिकात गुंडाळलेला असतो, त्याची पिन काढून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे बायोस सहसा आपल्या सगळ्या सेटिंग विसरून मूळ सेटिंगवर येतो.

आता रॅम. जुनी रॅम हातात घेताना आधी धातूच्या नळाला हात लावा, म्हणजे अंगात साठलेली वीज निघून जाते, आणि मग रॅम कडेनं धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. तुमच्या भागात, मलप्रभा जिथं उगवते तिथला पाऊस, चार महिने घरात कपडे वाळत नाहीत, त्या दमटपणानं या पट्ट्यांवर एक मळकट थर बसतो जो डोळ्यांना नीट दिसत पण नाही. माझ्याकडं मागच्या पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूचा एक मुलगा बसनं आला होता, लॅपटॉप खताच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकात बांधून, वरनं रेनकोट. त्यालाही कुणीतरी बोर्डच गेला म्हणून सांगितलेलं आणि तो गप्प बसून होता. मी रॅम काढली, पेन्सिलीचं पांढरं खोडरबर घेतलं आणि पट्ट्यांवरनं एकाच दिशेनं चार-पाच वेळा फिरवलं, रबरावर काळी रेघ उठली. दुसरी बाजू पण तशीच. रबराचा भुगा कोरड्या ब्रशनं झाडला, रॅम लावली आणि कंपनीचं चिन्ह स्क्रीनवर आलं. त्या पोराच्या तोंडावरचा ताण उतरलेला मी बघितलाय, म्हणून हे परत परत लिहितो. फक्त रबरच वापरा, पॉलिश पेपर नको, त्या पट्ट्यांवर सोन्याचा थर फार पातळ असतो, तो खरवडला की गेला. पेट्रोल, थिनर तर लावूच नका.

बसवताना रॅम आडवी ढकलायची नाही. तिरकी धरायची, साधारण तीस अंशात, खाच स्लॉटातल्या उंचवट्यासमोर आणायची आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देऊन आत सारायची. सोनेरी पट्टी जवळजवळ सगळी आत गेली पाहिजे, एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसत असेल तर ती बसलेली नाही, काढून परत घाला. मग खाली दाबायची, दोन्ही बाजूचे खटके टक् करून लागले पाहिजेत. एकाच बाजूचा आवाज आला तर चालणार नाही. माझ्या अनुभवात घरी रॅम घातलेल्या दहातल्या चार-पाच केसेस निव्वळ या एका खटक्याच्या असतात.

आता सेलची पिन लावा, झाकण नुसतं वर ठेवा, बॅटरी न लावता फक्त चार्जरवर चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, मधे बटण दाबू नका. नाही आलं तर चार्जर काढून रॅम दुसऱ्या स्लॉटात घालून बघा. दोन्ही स्लॉटात नाही आलं तर खोलीत अंधार करून टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा, आतलं चित्र अंधुक दिसत असेल तर दोष रॅमचा नसून स्क्रीनच्या उजेडाचा आहे. टीव्हीला केबल लावून बघता आलं तर तेही बघा. इतकं करून काहीच नसेल तरच बोर्डाचा विचार करायचा, त्याच्या आधी नाही.

नवीन रॅम बदलून घेताना दुकानात कन्नडात बोला नाहीतर मराठीत, पण तो एल तोंडानं उच्चारून मागा आणि स्टिकरवर स्वतः वाचा. आणखी एक बारकावा आहे जो बऱ्याच दुकानात पण माहीत नसतो. ८ जीबीच्या एल रॅममध्ये दोन प्रकार येतात, एकात दोन्ही बाजू मिळून सोळा काळ्या चिप असतात आणि एकात आठच. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरला आठ चिपवाली ८ जीबी ओळखता येत नाही, कारण एकेका चिपची क्षमता त्याच्या हिशेबापेक्षा मोठी पडते. म्हणून सोळा चिपवालीच घ्या, स्टिकरवर २ आर एक्स ८ असं असतं. शक्य असेल तर लॅपटॉप बरोबर घेऊन जा, दुकानातच बसवून चालू करून बघा, बिलावर न चालल्यास परत असं लिहून घ्या. आणि जुनी ४ ची काढायची गरजच नाही, दुसरा स्लॉट रिकामा असेल तर दोन्ही मिळून १२ जीबी होतात आणि तिच्या अभ्यासाला ते भरपूर आहेत. विंडोज ३२ बिटचं असेल तर मात्र ४ जीबीच्या वर ते वापरतच नाही, ते आधी बघून ठेवा.

(अंक छापायला जायच्या आधी काकांचा मेसेज आला. खोडरबर फिरवून, खटके दोन्ही लागलेत बघून जुन्या रॅमवर लॅपटॉप चालू झालाय. पण आता तारीख २०१४ ची दाखवतोय आणि इंटरनेटवर एकही साइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणतोय. काका, हे आपण सेल काढला म्हणून झालंय, घड्याळ मागं गेलं. साइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, म्हणून तारीख-वेळ बरोबर केली की सगळं उघडेल. बंद केल्यावर परत परत तारीख मागं जात असेल तर तो नाण्याएवढा सेलच संपलाय, नवीन घाला, तो स्वस्तात मिळतो.)

प्रश्न : निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबाचं काम बघतो. गेल्या महिन्यात नवीन लॅपटॉप घेतला, त्यात डीडीआर ५ ची १६ जीबी आणखी एक घातली. चालू केलं की मिनिटभर स्क्रीन काळीच राहते, मी बटण दाबून बंद करतो, परत चालू करतो, पाच-सहा वेळा झालं. कोल्हापूरला घेऊन जाऊ का?

उत्तर : दादा, आधी घरातच पंधरा मिनिटं द्या, कोल्हापूर कुठं जात नाही. डीडीआर ५ मध्ये नवीन रॅम घातल्यावर पहिल्या वेळी लॅपटॉप त्या रॅमशी आपलं गणित जुळवून घेतो, कोणत्या वेगानं, किती अंतरानं सिग्नल पाठवायचा, हे तो एकेक करून तपासतो, याला ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन पूर्ण काळी असते, कधीकधी मधेच एक-दोनदा आपोआप रिस्टार्ट पण होतो. तुम्ही मिनिटाला बटण दाबलं म्हणजे त्याचं गणित अर्ध्यात मोडलं, आणि पुढच्या वेळी तो परत पहिल्यापासनं मांडतो. म्हणून सहा वेळा तेच झालं.

चार्जर लावा, चालू करा आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून चहा पिऊन या. एकदा जुळलं की तो ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी लगेच उघडतो. पंधरा मिनिटांतही नाही झालं तर नवीन काढून फक्त मूळ रॅमवर चालू करा, कंपनीच्या साइटवरनं तुमच्या मॉडेलचं नवीन बायोस टाका, बायोस टाकताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही पाहिजेत, लाइट गेली तर अर्ध्यात थांबायला नको, आणि मग रॅम परत घाला. दोन्ही रॅमचे वेग वेगळे असले तरी सहसा चालतात, कमी वेगवालीच्या चालीनं दोन्ही चालतात. लॅपटॉप वॉरंटीत आहे, तेव्हा उघडायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला एकदा विचारायला हवं होतं, आता पुढं कधी उघडलात तर विचारून उघडा.

प्रश्न : रॅम घातल्यावर लॅपटॉप चालू होतोय पण काळ्या स्क्रीनवर इंग्लिशमध्ये नो बूटेबल डिव्हाइस असं येतंय. विंडोज उडालं का? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : विंडोज बहुतेक उडालेलं नाही आणि रॅमही बरोबर बसली आहे, कारण स्क्रीनवर अक्षरं आली. झाकण उघडताना हार्ड डिस्कची पातळ पट्टीवाली केबल नाहीतर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी असणारी छोटी पट्टी) हलली असणार. बॅटरी काढून ती परत घट्ट बसवा, एसएसडीचा छोटा स्क्रू लागलाय का बघा. सेल काढला होता का? असेल तर बायोसमध्ये डिस्कची किंवा बूटची (विंडोज कुठनं सुरू करायचं त्याची) सेटिंग बदललेली असू शकते, ती पहिल्यासारखी करा. कुणी फॉरमॅट मारूया म्हणालं तर मारू देऊ नका.

प्रश्न : मी येळ्ळूरला शाळेत शिक्षिका आहे. रॅम ८ ची १६ केली, लॅपटॉप चालतो, पण दिवसातनं एक-दोनदा निळी स्क्रीन येऊन बंद पडतो आणि मुलांचे गुण भरलेली फाइल तशीच जाते. विंडोज दोनदा नवीन टाकून झालं.

उत्तर : ताई, विंडोज तिसऱ्यांदा टाकू नका, आधी रॅम तपासा. मेमटेस्ट ८६ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पेन ड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्यावरनं चालू करायचा आणि रात्री झोपताना चार्जरला लावून सोडून द्यायचं. सकाळी एक जरी चूक लाल अक्षरात दिसली तरी काहीतरी बिनसलंय, यात थोडी चालते असं काही नाही. मग एकेक रॅम काढून वेगवेगळी तपासा म्हणजे दोषी कुठली ते कळेल. एकेकटी दोन्ही पास होतात आणि एकत्र घातल्यावरच चूक येते असंही होतं, तेव्हा दोन्हींची जोडी जमत नाही, दुकानातनं दुसरी बदलून घ्या. तोपर्यंत गुणांची फाइल रोज पेन ड्राइव्हवर घेत चला, खराब रॅम असताना फाइल सेव्ह होताना पण बिघडू शकते, नुसती जातेच असं नाही.

आणखी एक, रॅम बदलताना लॅपटॉपचं नुसतं झाकण लावलं होतं का, की शटडाऊन केला होतात? शटडाऊनही पुरत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, शटडाऊन केलं तरी ते थोडी आठवण डिस्कवर ठेवतं आणि रॅम बदलल्यावर तीच जुनी आठवण उघडायला जातं. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन केलं की पूर्ण बंद होतं, रॅमला हात लावायच्या आधी तसं करायचं.

प्रश्न : रॅम चालेना म्हणून बायोस रिसेट केला. आता चालू होतोय पण निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची रिकव्हरी की मागतोय, मी कधी लॉक केलंच नव्हतं. सगळे प्रोजेक्ट आत आहेत. (एक विद्यार्थी, टिळकवाडी)

उत्तर : बिटलॉकर म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप. तू केलं नसशील, पण आजकाल मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॅपटॉप सुरू केला की बऱ्याच मशीनवर ते आपोआप होतं. बायोसच्या सेटिंग बदलल्यावर मशीनला वाटतं कुणीतरी छेडछाड केली, म्हणून ४८ अंकी की (किल्ली) मागतं. ज्या ईमेलनं पहिल्यांदा लॅपटॉप सुरू केलास त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटात मोबाईलवरनं लॉगिन कर, तिथं डिव्हाइसच्या खाली ती की सापडते, स्क्रीनवर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाशी जुळवून बघ. लॅपटॉप घरच्या कुणाच्या नाहीतर दुकानदाराच्या ईमेलवर सुरू केला असेल तर त्यांना विचार. की मिळेपर्यंत फॉरमॅट करू नको, की नसताना तो डेटा कुणालाच काढता येत नाही, बेळगावातही नाही आणि पुण्यातही नाही.

प्रश्न : स्क्रीन काळी आणि बटणाजवळचा लाइट एकदा पिवळा, एकदा पांढरा असा लुकलुकतो. त्याचा काही अर्थ असतो का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : असतो, आणि तो मोजायचा असतो. उदाहरणार्थ डेलच्या बऱ्याच मॉडेलवर दोनदा पिवळा आणि मग तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही. काही कंपन्यांत कॅप्स लॉकचा लाइट लुकलुकतो, काहींत बीप वाजतात, प्रत्येकाचा हिशेब वेगळा आणि तो त्यांच्या साइटवर मॉडेलप्रमाणे दिलेला असतो. डोळ्यांनी मोजताना चुकतं, म्हणून मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि सावकाश चालवून मोजा. तो आकडा, लॅपटॉपच्या खालचं मॉडेल आणि रॅमच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो, एवढं पाठवलंत की पुढच्या अंकात नेमकं सांगता येईल.